दीड की अडीच? हरणाच्या दाढेला विचारा

बैलबाजारात सौदा बोलायच्या आधी गिऱ्हाईक बैलाचा खालचा ओठ ओढून बघतं. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात पडून पक्के किती आले, त्यावरून वय ठरतं. जुळल्यावर मात्र सगळा अंदाजाचा मामला.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवान्याने चालते आणि तिथले वन्यजीव अभ्यासक शिकार झालेल्या हरणांचे जबडे असेच तपासतात. कळपात कोवळी हरणं किती, जुनी किती, हे कळलं की पुढच्या वर्षी परवाने किती द्यायचे ते ठरवायला मदत होते. शिंगांच्या फाट्यांवरून वय काढता येत नाही, जरी शिकाऱ्यांना तसं मनापासून वाटत असलं तरी. शिंगं दरवर्षी गळतात, आणि नवी किती फुटतील ते खाण्यावर, तब्येतीवरही ठरतं.

समोरचे दात इथे फारसे कामाचे नाहीत, ते वर्षभरात पक्के होऊन जातात. म्हणून बघायच्या त्या खालच्या जबड्याच्या दाढा, एका बाजूला सहा. त्यातली पुढून तिसरी खरी चुगलखोर. दुधाची असते तेव्हा तिला तीन खंड असतात. साधारण दीड वर्षाची वेळ आली की ती पडते आणि जागी येते ती दोनच खंडांची. नोव्हेंबरात हाती आलेल्या जबड्यात तीन खंडांची झिजलेली दाढ दिसली, किंवा तिच्याखालून पांढरीशुभ्र नवी डोकावत असली, आणि मागच्या दाढाही उगवलेल्या असल्या, तर हरीण दीड वर्षाचं. उत्तरेकडे पाडसं बहुतेक मे-जूनमध्ये जन्मतात आणि शिकार थंडीच्या तोंडावर होते, त्यामुळे वय नेहमी अर्ध्यावरच येतं: दीड, अडीच, साडेतीन. मराठीत हिशेब सोपा.

अडीचपासून पुढे झीज मोजायची. दाढेवर बाहेरचं पांढरं इनॅमल आणि आतलं तपकिरी डेंटिन यांच्या पट्ट्या दिसतात. इनॅमल झिजत जातं तशी तपकिरी पट्टी रुंदावते. मागच्या तीन दाढांपैकी पहिली सगळ्यात आधी उगवते, म्हणून आधी झिजते. तिच्यावर तपकिरी पट्टी पांढरीहून रुंद झाली की साडेतीन, दुसरीवर झाली की साडेचार, असा ढोबळ हिशेब. वन्यजीव अभ्यासक सेव्हरिंगहाउस यांनी 1949 मध्ये ही पद्धत न्यूयॉर्कच्या हरणांवरून मांडली.

पण रेताड भागात चरणाऱ्या हरणाच्या दाढा लवकर झिजतात. वय आधीच माहीत असलेल्या हरणांचे जबडे जाणकारांपुढे ठेवले, तेव्हा पाडसं आणि दीड वर्षांची बरोबर ओळखली गेली, मोठ्यांच्या बाबतीत चुकाच चुका.

मग समोरचा एक दात प्रयोगशाळेत जातो. आम्लात ठेवून मऊ करतात, मुळाचा पातळ काप काढून रंगवतात. मुळावर सिमेंटमचे, म्हणजे मुळाभोवतीच्या कठीण आवरणाचे, थर आयुष्यभर चढत असतात. उन्हाळ्यात रुंद, हिवाळ्यात बारीक गडद रेघ. सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारख्या.

आपल्या ताडोबा-मेळघाटात चितळाचा जबडा हाती लागतो तो वाघाने, बिबट्याने खाऊन टाकलेल्या सांगाड्यातून. इकडे बर्फाळ हिवाळा नाही, त्यामुळे रेघा पुसट. शिवाय चितळाची पाडसं वर्षभर जन्मत असतात, तेव्हा 'अर्ध्या'चा हिशेबही लागू पडत नाही. पाडस, तरणं, भर वयातलं, म्हातारं असे गट पाडले की झीज पुरेसं सांगते. त्याहून बारीक वय सांगणाऱ्याकडे मी तरी जरा संशयानेच बघेन.