डीडीएनएस: बदलत्या आयपीला टिकाऊ नाव देण्याची पार्श्वभूमी

दाळ मिल, जिनिंग, सावदा-रावेरकडची केळीची कोल्ड स्टोरेज इथे कॅमेरे लागायला लागले त्या वर्षांपासून हा विषय खान्देशात खऱ्या अर्थाने आला. 2010 च्या आसपास. त्याआधी डीडीएनएस (डायनॅमिक डीएनएस), म्हणजे बदलत्या आयपीला, इंटरनेटवरच्या पत्त्याच्या आकड्याला, एकच कायमचं नाव जोडून ठेवणारी सोय, हा शब्द नेटवर्कवाल्यांपुरता होता. नंतर तो गोडाऊनच्या वॉचमनलाही पाठ झाला, कारण मालकाचा फोन आधी त्यालाच यायचा.

अडचण साधी होती. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, गोडाऊनच्या लोखंडी कपाटात, मालक जळगावला किंवा लग्नाला सुरतला. मध्ये फोनच्या वायरीवरचं ब्रॉडबँड, आणि त्या मोडेमला मिळणारा आयपी भाड्याचा, तात्पुरता. लाईट गेली की मोडेम बंद, लाईट आली की आकडा नवा. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे हे दिवसातून दोन-तीनदा व्हायचं. सकाळी मोबाईलवर टाकलेला आयपी दुपारी भलत्याच कोणाच्या घरचा झालेला असायचा. कॅमेरे बसवणाऱ्या पोरांमध्ये तेव्हा एक वाक्य चालायचं: ‘लाईट उनी, पन कॅमेरा उना नही.’

स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यायचा तर महिन्याला वेगळे पैसे, अर्ज, आणि एक्सचेंजला चकरा. म्हणून डीव्हीआरच्या नेटवर्क मेन्यूतलं डीडीएनएसचं पान भरायचं. सर्व्हिस निवडायची, होस्टनेम (आपण घेतलेलं नाव), युजर, पासवर्ड टाकायचा. पुढचं काम यंत्राचं. ते सर्व्हिसच्या सर्व्हरला एक साधी वेब विनंती पाठवतं. विनंती कुठल्या आयपीवरून आली ते सर्व्हर पाहतो आणि नावापुढचा आकडा बदलतो. या नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत, बहुधा 60 सेकंदांचा ठेवलेला असतो, म्हणजे जुना आकडा कोणाकडे फार वेळ साठून राहत नाही. उत्तरात एकच शब्द येतो: बदल झाला तर ‘गुड’, आकडा तोच असेल तर ‘नोचग’. तोच आकडा पुन्हापुन्हा पाठवत राहिलात तर ‘अब्यूज’, आणि नाव अडकलं. काही स्वस्त डीव्हीआर गरज असो-नसो दर थोड्या मिनिटांनी विनंती ठोकत बसायचे. शिक्षा यंत्राच्या चुकीची, बोलणी बसवणाऱ्याला.

याच्या मागचा इतिहास थोडक्यात. 1983 मध्ये डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा झाला तेव्हा यंत्रं जागची हलत नव्हती आणि त्यांचे आकडेही. 1993 मध्ये डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप आकडे वाटणारी पद्धत, आली, डायलअप वाढलं, आकडे फिरते झाले. 15 ऑगस्ट 1995 ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते याच फिरत्या आकड्यांवर. एप्रिल 1997 मध्ये डीएनएसची नोंद चालू असताना बदलण्याचं अधिकृत मानक आलं. ते मोठ्या ऑफिसांच्या नेटवर्कला बरं होतं, घरच्या मोडेमला नाही. त्याच सुमारास फुकट सर्व्हिस सुरू झाल्या आणि त्यांनी वर सांगितलेला वेब विनंतीचा सोपा रस्ता धरला. दोन्हींना नाव एकच पडलं. कोणी ‘डायनॅमिक डीएनएस’ म्हटलं की कुठलं ते आजही विचारावं लागतं.

2014 साल मात्र सविस्तर सांगायला हवं. 7 मे रोजी एका जुन्या आणि नावाजलेल्या सर्व्हिसने फुकट खाती बंद केली. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांची नावं भराभर दुसऱ्या फुकट सर्व्हिसवर हलवली. तिथे दर 30 दिवसांनी मेलमधली लिंक दाबून ‘नाव अजून हवंय’ असं कळवावं लागायचं. तेवढं चालवून घेतलं. आणि 30 जूनला त्याच दुसऱ्या सर्व्हिसची 20 हून अधिक डोमेन, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नावांचे सामाईक शेवटचे भाग, एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेतल्या कोर्टाच्या आदेशाने ताब्यात घेतली. सामान हलवून महिना-दोन महिने होत नाहीत तोच नव्या घराला कुलूप.

कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. या फुकट नावांचा आडोसा घेऊन दोन प्रकारची मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) संगणकांवर ताबा मिळवत होती. नाव फिरतं असल्याने त्यांचा माग काढणंही कठीण. अर्जात अशी 18 हजारांवर नावं होती. पण आदेश दुसऱ्या बाजूला न ऐकता दिला गेला, आणि ताबा मिळाला तो त्या नावांचा नाही, अख्ख्या डोमेनचा. सर्व्हिसच्या सांगण्यानुसार बाधित नावं 40 लाखांच्या घरात. हे आकडे धरले तर हजारातल्या चार-पाच नावांसाठी उरलेली सगळी रोखली गेली. चांगली वाहतूक पुढे सोडू, अशी ग्वाही होती. नव्या सर्व्हरांना तो भार पेलला नाही. तांत्रिक चूक झाली, लगेच सुधारली, असं कंपनी म्हणत राहिली. सर्व्हिसने ते मान्य केलं नाही. 3 जुलैपर्यंत डोमेन परत आली, 9 जुलैला तडजोड जाहीर झाली, आणि सर्व्हिसचा मालवेअरमध्ये जाणूनबुजून हात नव्हता हेही कंपनीने मान्य केलं.

तालुक्यात एक चोर आहे म्हणून एसटीच रद्द करावी, त्यातला हा प्रकार. जून अखेरीला जिनिंग बंदच असतात, त्यामुळे त्यांना फार फरक पडला नाही. केळीच्या गाड्या मात्र भरत होत्या आणि मालकांचे मोबाईल कोरे. कोर्ट, मालवेअर ही भानगड इथे कोणाला माहीत नव्हती. बसवणाऱ्यांनी पासवर्ड बदलले, मोडेम रिसेट केले, काहींनी डीव्हीआरच बदलून दिला.

पुढे 21 ऑक्टोबर 2016 ला उलटं घडलं. फॅक्टरीचेच पासवर्ड ठेवून इंटरनेटवर उघडे सोडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर वापरून एका डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि बऱ्याच मोठ्या वेबसाइट काही तास अडखळल्या. ही कंपनी म्हणजे 2014 मध्ये फुकट खाती बंद करणारीच.

डीडीएनएस मागे पडलं ते मात्र कोर्टामुळे नाही की हल्ल्यामुळेही नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये जगाच्या साठ्यातले आयपीव्ही4, म्हणजे जुन्या पद्धतीचे, आकडे वाटून संपले, एप्रिलमध्ये आशियाचा साठा शेवटच्या तुकड्यावर आला. मग शेकडो गिऱ्हाइकं एकाच आकड्यामागे बसवायची सोय आली, सीजीनॅट. त्यासाठी 2012 मध्ये 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. तुमचं नाव आता बिनचूक अपडेट होतं, पण पोचवतं ते सगळ्या आळीच्या सामाईक फाटकापर्यंत. आत कोणाकडे जायचं ते फाटकाला ठाऊक नाही. आयपीव्ही6 वर, म्हणजे भरपूर आकड्यांच्या नव्या पद्धतीवर, हा अडसर नाही, मात्र तिथेही घरचा पट्टा बदलू शकतो, म्हणजे नाव ताजं ठेवण्याचं काम राहतंच.

आता बसवणारा पोरगा आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आकडा, बघतो. 100 आणि पुढे 64 ते 127 दिसलं की डीडीएनएसचं पान उघडतही नाही, सरळ डब्यावरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करतो, म्हणजे कॅमेरा डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरमार्फत दिसतो. मेन्यूत ती सर्व्हिसची यादी मात्र बऱ्याच डीव्हीआरमध्ये तशीच आहे, आणि तिच्यात अजूनही वरच्या बाजूला दिसतं ते 2014 पासून फुकट न मिळणारं नाव.