प्रत्यारोपित मूत्रपिंडाची आकसलेली धमनी

प्रत्यारोपणात नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवत नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. निकामी झालेली मूत्रपिंडे सहसा पाठीकडे आपापल्या जागी तशीच राहू देतात आणि नवे मूत्रपिंड ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, जांघेच्या थोडे वर ठेवतात. त्याची धमनी आणि शीर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना टाके घालून जोडली जाते. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हाही त्यांनी हीच जागा निवडली होती.

या जोडणीतली धमनी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद असते. टाक्यांपाशी व्रण धरला, धमनीला मुरड पडली किंवा तिच्यात मेद साचला, की ती आकसू लागते. ही तक्रार बहुधा शस्त्रक्रियेनंतर तीन महिने ते दोन वर्षांच्या काळात दिसते, म्हणजे रुग्ण कामावर रुजू होऊन दवाखान्याच्या खेपा कमी झालेल्या असताना.

अशा धमनीमुळे रक्तदाब का चढतो, याचे उत्तर हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये दिले. त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चाप बसवला आणि त्यांचा रक्तदाब वाढत गेला. अडथळ्याच्या पलीकडे दाब कमी पडतो. मूत्रपिंडाची समजूत होते की साऱ्या शरीराचाच दाब उतरला आहे, आणि ते रेनिन नावाचे द्रव्य सोडून रक्तवाहिन्या आवळायला व मीठ-पाणी साठवायला लावते. मूत्रपिंडाच्या बाजूने पाहिले तर त्याचे काहीच चुकत नाही. निरोगी माणसात असे साठलेले पाणी दुसरे मूत्रपिंड बाहेर टाकू शकते; प्रत्यारोपित रुग्णाजवळ तो आधार नसतो. म्हणून चार-चार गोळ्यांनाही दाद न देणारा रक्तदाब, पायांवर सूज, क्वचित एकाएकी फुप्फुसात पाणी होऊन लागलेली धाप, अशी लक्षणे दिसतात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेली रक्तदाबाची औषधे सुरू करताच रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) झपाट्याने वाढले, तर तोही बोलका पुरावा ठरतो, कारण अपुऱ्या रक्तावर गाळणी चालू ठेवणारा आतला दाब ही औषधे उतरवतात.

क्रिएटिनिन वाढले की पहिला संशय रिजेक्शनचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती परक्या मूत्रपिंडावर उलटल्याचा, येतो आणि तो रास्तही असतो. मात्र दोष धमनीत असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यामुळे डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी, लवकर व्हावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. हे मूत्रपिंड त्वचेच्या जवळ असल्याने तपासणी सोपी जाते. अरुंद जागेतून रक्त सेकंदाला दोन-अडीच मीटरहून अधिक वेगाने सुटते आणि यंत्रातून शिट्टीसारखा चढा आवाज येतो. मूत्रपिंडाच्या आतल्या शाखांवर मात्र ठोका मंद, उशिरा चढणारा ऐकू येतो.

व्रणाने चिकटलेल्या भागात पुन्हा चिरफाड करणे मूत्रपिंडाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आता उपचाराची सुरुवात बहुधा कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवायच्या बारीक नळीने, होते. नळीतून फुगा नेऊन अरुंद धमनी रुंद करण्याचे हे तंत्र डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला हृदयाच्या धमनीत वापरले, आणि मूत्रपिंडाच्या धमनीची पाळी लगेच पुढच्या वर्षी आली. रुग्ण जागा असतो. फक्त जांघेतली जागा बधिर करतात. तिथून अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तार अरुंद भागापलीकडे सरकवली जाते, तिच्यावरून फुगा नेऊन फुगवला जातो आणि गरजेनुसार जाळीदार स्टेंट बसवला जातो. वाहिन्या दिसण्यासाठी वापरायचे आयोडीनयुक्त द्रव्य आधीच कमकुवत असलेल्या मूत्रपिंडाला सोसेलच असे नाही. म्हणून काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात: तो क्षणभर रक्त बाजूला सारून धमनीची आकृती दाखवतो, मग रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. धमनी फाटणे, आतला थर सुटणे किंवा पुन्हा आकसणे हे धोके उरतातच. त्यामुळे रक्त गोठू न देणारी औषधे आणि ठरावीक काळाने डॉप्लर चालू ठेवावे लागते.

याच वाटेने आणखी एक दुखणे हाताळता येते. तपासणीसाठी मूत्रपिंडाचा कण काढणारी बायॉप्सीची सुई कधी शेजारच्या धमनी आणि शिरेला एकदमच भोसकते आणि दोघींमध्ये आडवाट तयार होते. बहुतेकदा ती आपोआप बुजते. लघवीतले रक्त थांबेना, तर अतिसूक्ष्म कॅथेटर त्या शाखेच्या अगदी टोकापर्यंत नेऊन धातूच्या बारीक गुंडाळीने ती बंद करतात. टोकापर्यंत जायचे ते अशासाठी, की या शाखांना पर्यायी रक्तपुरवठा नसतो आणि जितके अलीकडे बंद करावे तितका मूत्रपिंडाचा मोठा भाग मरतो.

प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत धमनीत किंवा शिरेत गुठळी झाली, तर मात्र कॅथेटरचा सहसा फारसा उपयोग होत नाही. गुठळी विरघळवणारे औषध ताज्या टाक्यांतून रक्तस्राव घडवू शकते आणि रक्ताविना मूत्रपिंड फार वेळ तग धरत नाही. रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. म्हणूनच त्या दिवसांत लघवी एकाएकी थांबली, की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉप्लरचे यंत्र खाटेजवळ आणले जाते.