फ्यूज उडाला की कपलर जळाला? मोटारसायकलमधला शॉर्ट आणि लूज

परभणी असो की बीड, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या मोटारसायकलभोवती चार माणसं जमली की दोन मिनिटांत निदान तयार असतं. "शॉर्ट झाली बगा!" हेडलाइट गेला तरी शॉर्ट, स्टार्टर मारत नाही तरी शॉर्ट, आणि सीटखालून जळका वास आला तर मग विचारायलाच नको. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये शॉर्ट नसतोच. कुठला तरी जोड लूज झालेला असतो. वास दोन्हीकडे येतो, प्लास्टिक दोन्हीकडे वितळतं, म्हणून गल्लत होते. इलाज मात्र अगदी वेगळा आहे.

शॉर्टमध्ये करंटला आडवाट सापडते. वायरचं कव्हर घासून आतलं तांबं फ्रेमला टेकलं, की बॅटरीच्या प्लसपासून निघालेला करंट बल्ब, हॉर्न वगैरे सगळं वगळून थेट मायनसला पोहोचतो, कारण फ्रेम हेच मायनस. वाटेत अडवणारं काही उरत नाही. मोटारसायकलची बॅटरी छोटी असली तरी अशा वेळी काही क्षण पन्नास-शंभर अँपिअर सहज ओतते. १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज तिथं टिकत नाही, आणि त्यानं टिकायचंही नसतं.

लूजमध्ये वाट तीच राहते, पण मध्ये नको तो अडथळा येतो. कपलरमधली, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या डबीतली, पिन सैल झाली, गंजली, किंवा दहा तारांपैकी तीनच पिनमध्ये धरलेल्या असल्या, तर त्या एवढ्याशा जागेत रोध वाढतो. हिशेब सोपा आहे. ३५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. त्याच्या कपलरमध्ये अर्ध्या ओहमचा अडथळा आला, की करंट ३ वरून २.६ च्या आसपास उतरतो. म्हणजे करंट कमी झाला. फ्यूजला जागं व्हायचं कारणच नाही. पण त्या पिनवर सुमारे साडेतीन वॉटची उष्णता तयार होत राहते. काडेपेटीच्या काडीएवढी पिन, चारी बाजूंनी प्लास्टिक, वर मे महिन्यातलं नांदेडचं ऊन. पिवळा पडलेला, मग तपकिरी झालेला, मग वितळलेला कपलर असा घडतो, आणि फ्यूज मात्र नव्यासारखा शाबूत असतो.

त्यामुळे वास आला की आधी फ्यूज काढून बघा. तार तुटलेली, काच काळी झालेली असेल तर शॉर्ट शोधायचा. फ्यूज शाबूत असून कपलर जळालेला असेल तर जोड तपासायचा.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० चा लाल काढून २० चा पिवळा बसवतात. तो मिळाला नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. २० चा फ्यूज घातला म्हणून आतली वायर जाड होत नाही. शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजच्या जागी वायरिंग तापतं, तेही पेट्रोलच्या टाकीखालून जाणारं. हा प्रकार मला साधा निष्काळजीपणा वाटत नाही. ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करायची ही फसवणूक आहे.

आता लूजचं घर कुठं असतं ते बघू. सर्वात जास्त त्रास इंजिनाकडून आलेली वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरच्या, म्हणजे मिस्त्री ज्याला 'आरआर युनिट' म्हणतात त्याच्या कपलरमध्ये. मोठ्या गाड्यांत इंजिनाकडून बहुतेक वेळा तीन सारख्या रंगाच्या, बऱ्याचदा पिवळ्या, वायरी इथं येतात आणि गाडीची सगळी वीज यातूनच जाते. १० अँपिअर जाणाऱ्या पिनमध्ये ओहमचा फक्त दहावा हिस्सा अडथळा आला तरी १० वॉट उष्णता होते. हा कपलर सोडवून उजेडात धरा. तीन घरांपैकी एकाची कड तपकिरी झालेली, बाकी दोन पांढरी स्वच्छ. त्या घरातली पिन निळसर-काळी पडलेली, तिचा ओठ उघडा राहिलेला. तोंडाशी हिरवट थर, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावं तसा. बोअरच्या खारट पाण्यानं प्रेशर वॉशिंग करणाऱ्या सेंटरचा त्या थरात मोठा वाटा असतो. शॉर्टची खूण अशी नसते. तिथं वायरचं कव्हर एका ठिकाणी घासून गेलेलं असतं, तांबं उघडं, आणि समोरच्या लोखंडावर ठिणगीचा बारीक काळा डाग.

हेडलाइटचा होल्डर दुसरा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट सतत चालू ठेवणं बंधनकारक झालं, तेव्हापासून या होल्डरला दिवसाही सुट्टी नाही. त्यात कुणी ३५ च्या जागी जास्त वॉटचा बल्ब घातला तर होल्डरचं प्लास्टिक किती दिवस काढेल, सांगता येत नाही.

लूज शोधायला मल्टिमीटर लागतो, पण वापरायची पद्धत बदलावी लागते. बहुतेक जण एक टोक वायरला, दुसरं बॉडीला लावून "१२ दाखवतोय की" म्हणतात आणि पुढं जातात. काही जोडलेलं नसताना गंजलेली पिनसुद्धा १२ दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणून हेडलाइट चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही टोकं त्याच कपलरच्या दोन बाजूंना, वायरीच्या मागून, त्याच एका वायरवर लावा. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ राहतो. अर्धा व्होल्ट दिसला तर तेवढा व्होल्टेज त्या पिननं खाल्ला. हीच चाचणी अर्थला करा: बल्बच्या मायनस वायरीपासून बॅटरीच्या मायनस टोकापर्यंत. इंडिकेटर लावला की टेललाइटही त्याच तालावर मिणमिणते, ती बहुतेक वेळा अर्थचीच तक्रार असते.

शॉर्टसाठी वेगळी युक्ती. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब वायरी जोडून लावा. चावी चालू, बाकी सगळे स्विच बंद. बल्ब पूर्ण तेजानं पेटला तर शॉर्ट अजून आहे. बल्ब फक्त पावणेदोन अँपिअरच जाऊ देतो, म्हणून काही जळायची भीती नाही आणि फ्यूजचं पाकीटही संपत नाही. आता वायरिंग हलवत जा: हँडल डावीकडे-उजवीकडे वळवा, टाकीखालचा गुच्छ दाबा, मागच्या मडगार्डमधली टेललाइटची वायर ओढा. ज्या क्षणी बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, तिथं हात थांबवा. हँडलच्या मानेपाशी आणि टाकी जिथं टेकते तिथं शॉर्ट फार सापडतो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग लाइट-हॉर्नच्या फ्यूजपुरताच ठेवा. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, फ्यूजवर करू नका.

कापूस घरात भरून ठेवण्याच्या दिवसांत गाडीही त्याच खोलीत उभी असते, तेव्हा उंदीर हेही एक कारण. त्यानं एका वायरचं कव्हर खाल्लं तर शॉर्ट होतो, वायरच तोडली तर शॉर्ट नाही, नुसता करंट बंद. फ्यूज बघितल्याशिवाय दोन्हींत फरक कळत नाही.

दुरुस्ती. शॉर्टमध्ये उघडी जागा झाकायची, वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळणारी, नळी चढवायची आणि वायर परत तिथंच घासणार नाही अशी बांधायची. नुसती टेप उन्हात चिकट पाणी सोडते आणि उलगडते. लूजमध्ये पिन बदलायची. तापून निळी पडलेली पिन पक्कडीनं दाबून घट्ट केली तरी तिचा ताण परत येत नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. नवी पिन क्रिंपिंगच्या पक्कडीनं तारेवर एकदा आणि कव्हरवर एकदा अशी दोन ठिकाणी दाबलेली हवी. कपलर कापून वायरी पीळ देऊन टेप मारणं मला पटत नाही. आणि सोल्डर केलं तर जिथं सोल्डर संपतं तिथं तार कडक होते, इंजिनाच्या थरथरीनं तिथंच तुटते. आमच्याकडचे रस्ते बघता लवकरच.

दोन्ही रोग एकत्रही येतात. लूज पिननं कपलर वितळवला, शेजारच्या दोन पिना एकमेकींना भिडल्या, की लूजचा शॉर्ट होतो आणि मग फ्यूज उडतो. तेव्हा फ्यूज उडाल्याचं कारण शोधताना जळका कपलर दिसला, तर शॉर्टच्या आधीची गोष्ट तिथं असते.

एक प्रकार या दोन्हींत बसत नाही. गाडी रात्री ठीक, सकाळी बॅटरी उतरलेली. फ्यूज शाबूत, कपलर स्वच्छ. घासलेल्या वायरीवर चिखल आणि ओल साचून थोडा थोडा करंट गळत असतो, किंवा बाहेरून बसवलेलं जीपीएस, अलार्म आतून पीत असतं. चावी बंद ठेवून बॅटरीचं मायनस सोडवा आणि मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. काही मिलिअँपिअर दिसले तर चालतात, शे-दोनशे दिसले तर फ्यूज एकेक काढत जा. फक्त मीटर मध्ये असताना स्टार्टर दाबू नका. मीटरच्या आतला फ्यूज जागेवर उडतो, आणि तो गाडीच्या फ्यूजसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.