रिटॉर्ट पाऊच

अन्न भरून हवाबंद केल्यावर पिशवीसकट रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखाली वाफेने तापवणाऱ्या बंद भांड्यात, उच्च तापमानाला निर्जंतुक करता येते, अशी अनेक थरांची लवचीक पिशवी. तिच्यातले अन्न फ्रिजबाहेर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकते. म्हणजे काम पत्र्याच्या डब्याचेच. पण ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जेमतेम जाड असलेल्या पापुद्र्याकडून करून घ्यायचे असते.

तापमानाची अट जिवाणू ठरवतात. सामू ४.६ हून अधिक असलेल्या, म्हणजे कमी आंबट अन्नात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू तग धरतात व हवाबंद जागेत विष तयार करतात. त्यांच्या नाशासाठी अन्नातल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूलाही १२१° से. तापमानाची किमान तीन मिनिटे मिळावी लागतात. प्रत्यक्षात याहून अधिक मात्रा दिली जाते. पाऊच चपटे असल्याने उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते आणि कडेचे अन्न डब्यातल्याइतके जास्त शिजत नाही. एवढा खटाटोप करण्यामागे वजनाच्या बचतीइतकेच हेही कारण आहे.

या पिशवीवरचे सुरुवातीचे बरेच काम अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेने उद्योगांच्या मदतीने केले. बाजारात तिला मोठे यश आधी जपानमध्ये मिळाले : १९६८ साली ओत्सुका कंपनीने ‘बॉन करी’ आणली. तिचे पहिले पाऊच बिनफॉइलचे होते व माल दोन-तीन महिनेच टिके. ॲल्युमिनियम आल्यावर तो काळ कितीतरी वाढला.

नेहमीच्या चार थरांच्या रचनेत बाहेर १२ मायक्रॉनचे पॉलिएस्टर असते. त्याच्या आतल्या बाजूवर उलटी छपाई करतात, म्हणजे शाई दोन थरांमध्ये सुरक्षित राहते. मग ७ ते ९ मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉइल प्राणवायू, बाष्प आणि प्रकाश अडवते. १५ मायक्रॉनचे नायलॉन टोचणे व आपटणे सोसते. अन्नाला लागून ६० ते १०० मायक्रॉनचे कॅस्ट पॉलिप्रॉपिलीन (सीपीपी) असते. सील होते ते यालाच. साधे पॉलिथिलीन इथे चालत नाही, कारण ते ११० अंशांच्या आसपासच वितळते. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांपर्यंत टिकते, पण शुद्ध रूपात थंडीत ठिसूळ होते. म्हणून त्यात रबरासारखा घटक असलेला सहबहुवारिक (कोपॉलिमर) प्रकार घेतात. तोही निर्दोष नाही. तेलकट पदार्थातले तेल त्या घटकात शिरते आणि पाऊचवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतो.

थर निवडणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग. पाऊच बहुधा दगा देते ते सांध्यांत. थर जोडणारे दोन घटकांचे पॉलियुरेथेन ॲडेसिव्ह लॅमिनेशननंतर, म्हणजे थर एकमेकांवर चिकटवल्यावर, उबदार खोलीत काही दिवस पक्के होऊ द्यावे लागते. यात घाई केली, की रिटॉर्टमधून बाहेर येताना थर सुटून फुगे दिसतात. व्हिनेगरचे आम्ल किंवा मसाल्यांची तेले सीपीपीतून झिरपून फॉइलपाशी पोचतात व तिथली पकड सैल करतात. त्यामुळे पाण्यावर घेतलेली चाचणी पुरेशी नसते, प्रत्यक्ष पदार्थ भरूनच पाहावे लागते. या ॲडेसिव्हमधला एक घटक आयसोसायनेट असतो. त्याच्या ॲरोमॅटिक (बेंझिनसारखे कडे असलेल्या) प्रकारापासून उष्णतेत घातक अमाइने सुटू शकतात, म्हणून इथे ॲलिफॅटिक (तसे कडे नसलेला) प्रकार पसंत करतात.

दुसरा सांधा सीलचा. तोंडाशी रस्सा किंवा तंतू अडकला, तर सील वरून धड दिसूनही वाट मोकळी राहते. पिशवीत उरलेली हवा तापून प्रसरण पावते, सीलवर ताण आणते व उष्णताही अडवते. रिटॉर्टमध्ये वाफेच्या जोडीला संपीडित हवेचा दाब देतात तो याचसाठी. सर्वांत नाजूक वेळ थंड करण्याची : बाहेरची वाफ निवून दाब एकदम घसरतो, आत मात्र अन्न कढतच असते आणि सीपीपी मऊ असते. दाब सावकाश उतरवला नाही, तर चांगले पाऊचही फुटते.

मायक्रोवेव्हसाठी फॉइल सोडावी लागते. मग ॲल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा सिलिकॉन ऑक्साइडचा लेप दिलेले पॉलिएस्टर वापरतात. लेप काचेसारखा असल्याने ताणला की तडकतो. ईव्हीओएच (एथिलीन व्हिनिल अल्कोहोल) या प्लॅस्टिकचा दुसरा पर्याय कोरडा असताना उत्तम रोधक आहे, पण रिटॉर्टमध्ये पाणी शोषतो आणि नंतर कित्येक दिवस प्राणवायू आत सोडत राहतो.

एकमेकांना घट्ट चिकटलेले वेगवेगळे पदार्थ पुनर्वापरासाठी वेगळे काढणे फार कठीण. म्हणून सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचेच ठेवण्याकडे कल आहे. त्यात सीलची पंचाईत होते : पॉलिएस्टर २५० अंशांपलीकडे वितळते, त्यामुळे सील करणाऱ्या यंत्राचा पिशवी दाबणारा जबडा हवा तेवढा तापवता येतो, पण बाहेरचा थरही पॉलिप्रॉपिलीनचा असला, की आतले सील जुळायच्या आतच तो आक्रसू लागतो.