घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

घरात कुणी घोरत असलं की आपण म्हणतो, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." नीट ऐकलं तर घोरणं मध्येच थांबतं. दहा-वीस सेकंद काहीच आवाज नाही. मग हिसका बसावा तसा मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू. त्या शांततेत माणसाचा श्वास बंद असतो. हा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, आणि तो ओळखायला डॉक्टरांनाही फार वेळ लागला.

१९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या, अतिशय लठ्ठ गृहस्थाची हकिगत छापली. पोकर खेळताना त्यांना तीन एक्के आणि दोन राजे आले. एवढी भारी पानं हातात असताना त्यांना झोप लागली! डिकन्सच्या कादंबरीतल्या सदा पेंगणाऱ्या जाड्या पोरावरून या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव पडलं. दोष गेला वजनाला आणि रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला. रात्रभर पुन्हा पुन्हा घसा मिटतो आणि श्वास अडतो, हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपेतल्या नोंदी घेतल्या तेव्हा कळलं. त्यावरचा उपाय भयंकर होता, गळ्याला भोक पाडायचं. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप दाखवलं, तेव्हा कुठे रुग्णांची त्यातून सुटका झाली.

तोवर चरबी म्हणजे घशावरचं ओझं, एवढीच समज होती. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाह (इन्फ्लमेशन) पेटवणारं प्रथिन बाहेर पडताना दिसलं. १९९७ मध्ये व्गॉन्त्झास यांच्या गटाला तेच प्रथिन स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेलं आढळलं. शिवाय श्वास अडला की ऑक्सिजन उतरतो, सुटला की चढतो, आणि ही रात्रभराची चढउतारही पेशींमधला दाह चेतवते. म्हणजे आग दोन्हीकडून.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. २००४ साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ७.५ टक्के जणांना हा आजार निघाला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१४ चा अमेरिकन अभ्यास. त्यात लठ्ठ रुग्णांचे तीन गट होते: काहींना फक्त सीपॅप, काहींचं फक्त वजन उतरवलं, काहींना दोन्ही. चोवीस आठवड्यांनी, ज्यांचं वजन उतरवलं त्या दोन्ही गटांत रक्तातलं दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन कमी झालं. नुसतं सीपॅप लावणाऱ्यांचं झालं नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिल्यांदा औषध मंजूर झालं ते टिर्झेपटाइड, डायबेटीस आणि वजनासाठी आधीपासून दिलं जाणारं.