खुलासा: गोरे येण्याआधी आफ्रिकेत कायदा नव्हता?

‘आफ्रिकेत नुसत्या टोळ्यांच्या रूढी होत्या, कायदा गोऱ्यांनी आणला’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे.

बोट्स्वानातल्या त्स्वाना लोकांचं ‘कगोटला’ पाहा. लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार कुंपणात उघड्यावर भरणारी ही सभा आणि न्यायालयही. तक्रारदार आणि आरोपी समोरासमोर, साक्षीदारांना प्रश्न, जमलेल्यांची मतं, आणि सगळ्यात शेवटी ‘कगोसी’ म्हणजे प्रमुखाचा निकाल. नुकसानभरपाई बहुधा गुरांच्या रूपात. पूर्वी तिथं बायकांना स्थान नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

मग समज आला कुठून? जमिनीच्या हव्यासातून. दक्षिण ऱ्होडेशियाच्या (आजचं झिंबाब्वे) जमिनीच्या दाव्याचा निकाल 1918 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. काही जमाती सामाजिक रचनेत इतक्या खालच्या पायरीवर आहेत की त्यांचे हक्क आपल्या कायद्यात बसतच नाहीत, असं तिथं निकालपत्रात लिहिलं गेलं. जमीन ब्रिटिश राजसत्तेची ठरली.

दक्षिण आफ्रिकेत 1927 च्या कायद्यानं काळ्यांसाठी वेगळी न्यायालयं काढली आणि गोऱ्या गव्हर्नर-जनरललाच नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतांतल्या सर्व आफ्रिकींचा ‘सर्वोच्च प्रमुख’ केलं! जिवंत, बदलती परंपरा सरकारी कागदावर गोठली. वारसा फक्त थोरल्या पुरुष वारसाला, हा नियम तसाच राबवला गेला. 2004 मध्ये केपटाऊनजवळच्या खायेलित्शाच्या दोन मुलींच्या वडिलांच्या घराचं प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं. न्यायालयानं तो नियम रद्द केला. कागदावरचा परंपरागत कायदा आणि लोक प्रत्यक्ष पाळतात तो कायदा यांत फरक असल्याचंही मान्य केलं.