ओआरएममधील ॲग्रिगेट क्वेरी

डेटाबेसमधल्या ओळींना प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टचे रूप देणाऱ्या थराला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजेच ओआरएम, म्हणतात. जावातील हायबरनेट (२००१), पायथॉनमधील एसक्यूएलअल्केमी (२००६) आणि पायथॉनच्याच जँगो या वेब फ्रेमवर्कसोबत येणारा ओआरएम ही त्यातली ठळक नावे. बेरीज, मोजणी, सरासरी असे गटवार आकडे काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, ती ॲग्रिगेट क्वेरी. दोघांचे सहज जुळत नाही. ओआरएमला प्रायमरी की (प्रत्येक ओळीचा एकमेव क्रमांक) असलेली, ओळख पटणारी ओळ लागते. बेरजेच्या ओळीला तशी ओळख नसते.

गोव्यात काजू बी विकत घेणाऱ्या एखाद्या सोसायटीची नोंदवही कल्पावी. शेतकरी, पावती आणि पैसे चुकते केल्याचा हप्ता, अशी तीन टेबले. ५०० शेतकरी एका क्वेरीत आणून लूपमध्ये एकेकाच्या पावत्यांची बेरीज केली, तर डेटाबेसकडे एकूण ५०१ फेऱ्या होतात. यालाच एन प्लस वन म्हणतात. चाचणीच्या दहा नोंदींवर ते जाणवत नाही, ऐन एप्रिलमध्ये पान उघडता उघडत नाही.

म्हणून सगळे एकाच जॉइनमध्ये, म्हणजे टेबले जोडणाऱ्या क्वेरीत, कोंबले जाते आणि तिथे खरा घोळ होतो. सत्तरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ४०, ४० आणि २० किलोच्या तीन पावत्या आहेत. त्याला ६,००० आणि ४,००० रुपयांचे दोन हप्ते मिळाले आहेत. तिन्ही टेबले जोडली की प्रत्येक पावती प्रत्येक हप्त्याशी जुळून सहा ओळी होतात. १०० किलोंचे २०० होतात, १०,००० रुपयांचे ३०,०००. क्वेरी मात्र झटक्यात चालते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. एकसारख्या नोंदी एकदाच धरणारे डिस्टिंक्ट लावल्यास मोजणी सुधारते. बेरीज मात्र वेगळ्या तऱ्हेने बिघडते, कारण सारख्या वजनाच्या दोन पावत्या एकच धरल्या जाऊन ६० किलो उरतात. अनेक बेरजा एकत्र केल्या की उत्तर चुकते, अशी ताकीद जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे.

उपाय क्रमात आहे: आधी गट, मग जोड. पावत्यांची बेरीज शेतकरी क्रमांकानुसार एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत), हप्त्यांची दुसरीत, आणि मग दोन्ही शेतकऱ्यांच्या टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडायच्या. साधा जॉइन घेतला तर पावती नसलेला शेतकरी यादीतूनच गळतो. लेफ्ट जॉइनमध्ये तो राहतो, पण त्याची बेरीज नल, म्हणजे रिकामी, येते, ती कोअॅलेस या फंक्शनने शून्य करावी लागते. एसक्यूएलअल्केमीत ही रचना जवळपास जशीच्या तशी लिहिता येते आणि उत्तरात शेतकरी-ऑब्जेक्ट व बेरीज अशी जोडी मिळते. जँगोत १.११ आवृत्तीपासून (२०१७) सबक्वेरी आणि तिला बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीशी जोडणारा आउटररेफ आहेत. ही सबक्वेरी शेतकऱ्यागणिक चालू शकते, तेव्हा पावतीच्या शेतकरी क्रमांकावर इंडेक्स (चटकन शोधण्याची सूची) हवाच. पानावर वीसच नावे दाखवायची असतील तर ती उत्तम. सर्वांची यादी हवी असल्यास आधी गट केलेली बरी.

तालुकावार अहवालाला तर टेबलांतल्या ओळींचे ऑब्जेक्टच नकोत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत, २०११मध्ये झालेला धारबांदोडा धरून, बारा ओळी. त्यासाठी हजारो पावत्यांचे ऑब्जेक्ट मेमरीत उभे करणे निव्वळ उधळपट्टी. जँगोत गट पाडून आकडे देणाऱ्या व्हॅल्यूज आणि ॲनोटेट या मेथड, हायबरनेटमध्ये डीटीओ (फक्त हवी तेवढी माहिती वाहणारा साधा ऑब्जेक्ट) एवढ्यावर काम भागते.